किरायाचं घर सोडताना डिपॉझिटचा हिशेब कसा करावा: नागपूरकर घरमालक आणि किरायेदारांसाठी

नागपुरात जून-जुलै म्हणजे घरं बदलायचा मोसम. कॉलेजांचे प्रवेश, मिहानमधल्या नव्या नोकऱ्या, बदल्या. १ जुलैला सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार ३१ मेला संपतो, म्हणजे ऐन नवतपात सामान टेम्पोत चढतं. सगळे घामाघूम असतात, घाई असते, आणि दोन वर्षं गुण्यागोविंदानं राहिलेली माणसं त्या एका दुपारी पाच-सहाशे रुपयांवरून कायमची दुरावतात. हे टाळता येतं. डिपॉझिटचा हिशेब हा तासाभराचं काम आहे, फक्त त्याची तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते. पहिल्यांदाच घर किरायानं दिलेले मालक आणि पहिल्यांदाच किरायाचं घर सोडणारे किरायेदार, दोघांनाही उपयोगी पडेल अशा क्रमानं ही पद्धत इथे दिली आहे.

आधी करार काढा आणि वाचा

बहुतेकांनी करार सही करताना वाचलेला नसतो. सोडायच्या महिनाभर आधी तो कपाटातून काढा आणि पाच गोष्टी शोधा: करार संपायची तारीख, सूचना किती दिवस आधी द्यायची, ठरावीक महिने राहण्याची अट म्हणजे लॉक-इन आहे का, डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं लिहिलं आहे, आणि रंगकामाबद्दल काही लिहिलं आहे का. शेवटच्या दिवशीची निम्मी भांडणं या पाचपैकी एखादी गोष्ट कुणालाच ठाऊक नसते म्हणून होतात.

डिपॉझिट किती घ्यावं यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कमाल मर्यादा नाही. दोन महिन्यांच्या मर्यादेचं जे ऐकू येतं ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून घेणं-देणं सगळं करारातल्या शब्दांवर चालतं.

करार नोंदणीकृत नसेल तर? नागपुरात अजूनही कितीतरी करार स्टँप पेपरवर नोटरी करून होतात, आणि काही तर नुसत्या शब्दावर. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण डिपॉझिटच्या दृष्टीनं महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत किरायेदार जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘रंगाचे पैसे कापायचं ठरलं होतं’ असं मालक म्हणाला आणि किरायेदारानं नाही म्हटलं, तर ते सिद्ध करण्याचा भार मालकावर. रजा व परवाना कराराला (लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे नेहमीचा अकरा महिन्यांचा करार) मुद्रांक शुल्क एकूण किराया आणि ठेवीवरचं दहा टक्के मानीव व्याज मिळून येणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. बारा हजारांच्या घराला अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क चारशेच्या आत बसतं. एवढ्यासाठी नोंदणी टाळणं मालकालाच महाग पडतं.

(ते दहा टक्के व्याज फक्त मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी आहे. मालकानं किरायेदाराला डिपॉझिटवर व्याज द्यायचं असतं असा त्याचा अर्थ नाही.)

सूचना लेखी द्या

जिन्यात भेटल्यावर ‘काका, पुढच्या महिन्यात सोडतो आम्ही’ म्हणणं ही सूचना नव्हे. व्हॉट्सअॅपवर चार ओळी पुरतात, पण त्या अशा हव्यात:

‘काका, नमस्कार. आपला करार ३१ मे रोजी संपतो. आम्ही त्या दिवशी दुपारी १२ पर्यंत घर रिकामं करून किल्ल्या देऊ. डिपॉझिट २४,००० रुपये आहे. १५ मेच्या आसपास एकदा घर बघायला याल का? काही दुरुस्ती असेल तर आम्हाला करता येईल.’

मालकानं यावर ‘ठीक आहे’ एवढं उत्तर दिलं तरी चालेल, पण उत्तर यायला हवं. येत नसेल, किंवा संबंध आधीच ताणलेले असतील, तर हेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती ठेवा. (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे.) मुदतीआधी सोडत असाल तर या पत्रात ‘मुदतपूर्व’ हा शब्द आणि दोघांनी मान्य केलेली तारीख लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. नाहीतर लॉक-इनचे उरलेले महिने मागितले जातात.

आता एक चूक, जी जवळजवळ प्रत्येक इमारतीत कुणीतरी करतं: शेवटचे दोन महिने किराया न देता ‘डिपॉझिटमधून वळता करा’ म्हणणं. मालकानं लेखी होकार दिला असेल तर हरकत नाही. होकार नसेल तर ती किरायाची थकबाकीच असते. शिवाय मालकाच्या हातात मोडतोडीसाठी काहीच उरत नाही, मग तो प्रत्येक खिळ्याच्या भोकाकडे संशयानं बघू लागतो. मालकांनीही अशी विनंती मान्य करताना निदान वीज-पाण्याच्या बिलापुरती रक्कम बाजूला राहील असं बघावं.

पंधरा दिवस आधीची पहिली पाहणी

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. किरायेदाराला स्वतः दुरुस्त करायची संधी मिळाली तर तो तीनशेत काम करून घेतो. तेच काम मालकानं नंतर केलं की बिल आठशेचं होतं आणि त्यावर वाद वेगळा.

पाहणीला दोघांनी मिळून फिरा आणि तीन रकाने करा: किरायेदारानं करायचं, मालकानं करायचं, कुणीच काही करायचं नाही. तिसरा रकाना सर्वांत मोठा असायला हवा. वापरानं फिका पडलेला रंग, वॉशर झिजून गळणारा नळ, बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि फरशीवर चढलेला पांढरा क्षार, पावसाळ्यात फुगून घासणारं दार, गच्चीतून आलेली ओल हे सगळं त्यात जातं. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंतींना उन्हाळ्यात केसासारख्या भेगा पडतात, कारण माती सुकून आकसते आणि पावसात पुन्हा फुगते. त्या भेगेचा किरायेदाराशी काही संबंध नाही, त्याचा फोटोही हिशेबात येऊ नये.

कायद्यातलं तत्त्वही हेच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ भाडेपट्ट्याबाबत सांगतं की जागा जशी मिळाली तशी परत करायची, पण वाजवी झीज आणि आवरता न येणाऱ्या आपत्तीनं झालेले बदल वगळून. रजा व परवाना करार तांत्रिकदृष्ट्या वेगळा असतो, तरी बहुतेक करारांत ‘वाजवी झीज वगळून’ हे शब्द आलेले असतात. आपल्या करारात ते आहेत का बघा.

कूलर, खिडकी आणि त्याखालची भिंत

नागपुरात हे वेगळं लिहावंच लागतं. इतर कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त वाद कूलरवरून होतो, आणि तो जवळजवळ नेहमी कूलरचा नसून खिडकीचा असतो.

मार्चमध्ये कूलर बसवताना खिडकीचं एक तावदान काढतात, ते पलंगाखाली किंवा गच्चीवर ठेवतात, कूलरच्या तोंडाभोवतीची फट प्लायनं किंवा पुठ्ठ्यानं बुजवतात आणि बाहेर लोखंडी स्टँड उभा करतात. तीन महिन्यांनी घर सोडताना तावदान सापडत नाही, किंवा सापडतं ते फुटलेलं. म्हणून तावदान काढलं त्याच दिवशी त्यावर मार्करनं खोलीचं नाव लिहा, बिजागरीचे स्क्रू पिशवीत घालून त्यालाच चिकटवा, आणि ते कुठे ठेवलं याचा फोटो मालकाला पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट कूलरखालची भिंत. टाकी भरून वाहिली की गंजाचं तांबूस पाणी भिंतीवरून ओघळतं आणि खाली प्लास्टर फुगतं. हा डाग वापराची झीज मानायचा की हलगर्जी? आमच्या मते कसोटी सोपी आहे. बाहेरच्या भिंतीवर एका हंगामात पडलेले फिके ओघळ ही झीज. फ्लोट (टाकी भरली की पाणी थांबवणारी झडप) बिघडून आठवडेच्या आठवडे पाणी वाहत राहिलं, आतल्या बाजूला ओल आली आणि तरी कुणी मालकाला कळवलं नाही, तर तो हलगर्जीपणा. आणि फ्लोट बिघडल्याचं किरायेदारानं कळवलं होतं पण मालकानं लक्ष दिलं नाही, तर खर्च मालकाचा. कळवल्याचा एक मेसेज इथे हजार-पंधराशे रुपये वाचवतो.

कूलर मालकाचाच असेल तर शेवटच्या दिवशी तो पंधरा मिनिटं चालवून बघा. पंप पाणी वर चढवतो का, तिन्ही बाजूंच्या ताट्या सारख्या भिजतात का, पंख्याची मोटर आवाज करते का. वुड वूलच्या ताट्या दर उन्हाळ्यात बदलायच्याच असतात, त्यांचे पैसे कापणं चूक. पंप जळलेला असेल तर तो किती जुना होता ते विचारात घ्या. क्षारानं जाम होऊन पंप एक-दोन हंगामांत जाणं इथे रोजचंच आहे. बघून झाल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून पुसून ठेवा. साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि पत्र्याची टाकी पावसाळाभर भरलेली राहिली की तळाला भोकं पडतात. मग पुढच्या मार्चमध्ये त्याचा दोष जुन्या किरायेदारावर येतो.

वीज आणि पाणी: रिडिंगचा फोटो

महावितरणचं बिल कुणाच्याही नावावर असलं तरी वापर किरायेदाराचा आहे, आणि मीटर रिडिंगची तारीख करार संपायच्या तारखेला कधीच जुळत नाही. मधल्या दिवसांचा हिशेब असा काढतात.

ताज्या बिलावरचं ‘चालू रिडिंग’ घ्या. किल्ल्या देण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीनं बदलत राहतात, कधी तारीख, कधी व्होल्टेज. ज्या आकड्याजवळ केडब्ल्यूएच दिसतं तोच युनिटचा आकडा, त्यावर आला की फोटो काढा, आणि मीटरचा क्रमांकही त्यात येऊ द्या. एका इमारतीत सहा मीटर ओळीनं असतात, शेजाऱ्याच्या मीटरचा फोटो काढून हिशेब केल्याचे प्रकार होतात.

समजा १६ मेच्या बिलावर रिडिंग ८,४१२ होतं आणि ३१ मेला ८,५४८ आहे. वापर १३६ युनिट. मागच्या बिलात २७० युनिटला, थकबाकी सोडून, २,९७० रुपये आले होते, म्हणजे सरासरी ११ रुपये युनिट. १३६ गुणिले ११ म्हणजे १,४९६ रुपये. हा अंदाज आहे हे दोघांनी लक्षात ठेवावं, कारण विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. ज्या महिन्यात एसी-कूलर रात्रंदिवस चालले त्या बिलाची सरासरी काढून कमी वापराच्या पंधरवड्याला लावली तर किरायेदाराचं नुकसान होतं. उलट झालं तर मालकाचं. दोघांना पटत असेल तर अंदाजावर मिटवून टाका. नसेल पटत तर तेवढीच रक्कम रोखून ठेवा आणि बिल आल्यावर फरक चुकता करा. फक्त किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. ‘बिल आलं की बघू’ या वाक्यावर अनेकांचे संपूर्ण डिपॉझिट तीन-तीन महिने अडकून पडतं.

महापालिकेच्या नळाला मीटर असेल, ज्याचं बिल ऑरेंज सिटी वॉटरकडून येतं, तर त्याचंही रिडिंग तसंच घ्या. बोअरच्या पाण्यासाठी वेगळे पैसे ठरले नसतील तर शेवटी मागू नयेत. मालमत्ता कर मालकाचा. फ्लॅट असेल तर सोसायटीची देखभाल करारात जशी लिहिली तशी.

बिल किरायेदारानं भरलं असेल तर पावतीवरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक याच घराचा आहे ना, तेवढं तपासा. एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि थकबाकी इथे दिसत राहते.

किल्ल्यांच्या दिवशी

घर पूर्ण रिकामं झाल्यावरच पाहणी करा, आणि उजेडात करा. रात्री आठ वाजता बल्बच्या प्रकाशात भिंती पाहिल्या तर सकाळी मालकाला नवे डाग दिसतात आणि मग ‘काल हे नव्हतं’ सुरू होतं. दोन खोल्यांच्या घराला पाऊण तास धरा. दारापासून सुरू करून उजव्या हातानं फिरत जा, म्हणजे काही सुटत नाही. प्रत्येक खोलीत पंखा पाचही वेगांवर, सगळी बटणं, खिडक्यांच्या कड्या. स्वयंपाकघरात ओट्याचा कडाप्पा किंवा ग्रॅनाइट कडेला उडाला आहे का, सिंकमध्ये बादलीभर पाणी एकदम ओतून ते तुंबतं का. बाथरूममध्ये फ्लश, गिझर, जाळी. दार लावून-उघडून कुलूप. गच्चीवरच्या टाकीचं झाकण. शेवटी किल्ल्या मोजा, फाटकाची आणि मीटर बॉक्सचीही.

घर घेतानाचे फोटो असतील तर मोबाइलमध्ये समोर ठेवा. नसतील तर? तेव्हा मालकाला हे दाखवता आलं पाहिजे की ती वस्तू आधी धड होती. ते दाखवता येत नसेल तर संशयाचा फायदा किरायेदाराला द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नव्या किरायेदाराच्या वेळी मात्र पहिल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो काढून एकमेकांना पाठवा.

किती कापायचं

तीनच गोष्टी कापता येतात: थकलेला किराया, वापरलेल्या सेवांची बिलं, आणि झिजेपलीकडची मोडतोड. चौथी कुठलीही कपात करारात आधीच स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. ‘सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचा किराया’ असं लिहून दोघांच्या सह्या असतील तर किरायेदारानं ते मान्य केलं आहे. लिहिलं नसेल तर शेवटच्या दिवशी काढलेला हा नियम चालत नाही, ‘आमच्याकडे सगळेच देतात’ म्हटलं तरी.

मोडतोडीची किंमत नव्या वस्तूची धरायची नाही. वस्तूचं जेवढं आयुष्य उरलं होतं तेवढाच हिस्सा किरायेदाराचा. रंगाचं उदाहरण घेऊ. एका भिंतीवर दुहेरी टेप लावून पोस्टर चिकटवले आणि काढताना पुट्टीसकट पापुद्रे निघाले. भिंत दहा बाय दहा, म्हणजे १०० चौरस फूट. रंगाऱ्यानं पुट्टी-रंग-मजुरी मिळून १५ रुपये फूट सांगितले, म्हणजे १,५०० रुपये. घराचा रंग तीन वर्षांपूर्वी झाला होता आणि साधा रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं, तर उरलेलं आयुष्य दोन वर्षं. किरायेदाराचा वाटा पाचातले दोन भाग, ६०० रुपये. रंग सहा वर्षांचा असेल तर शून्य, कारण मालकाला तो तसाही काढायचाच होता. आणि एक भिंत खराब झाली म्हणून अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे मागता येत नाहीत.

पंधरा वर्षं जुन्या पंख्याची मोटर जळली तर काही कापू नका. बेसिनवर जड वस्तू पडून ते तडकलं तर दुरुस्तीची पावती दाखवून कापा. पावती, किंवा निदान कारागिराचा मेसेजवर लिहिलेला दर, यांच्याशिवाय कपात करू नये. ‘साफसफाईचे दोन हजार’ असे गोल आकडे भांडणाचं मूळ असतात.

हिशेबाचा कागद

एका पानावर, तारखेसह, साध्या मराठीत लिहा आणि दोन प्रती करा. वरच्या उदाहरणातल्या घराचा कागद असा होईल:

‘घराचा पत्ता… करार १ जुलै ते ३१ मे. घर आज ३१ मे रोजी दुपारी १२ वाजता रिकामं करून तीन किल्ल्यांसह ताब्यात दिलं. मे अखेरपर्यंतचा किराया मिळाला, बाकी नाही.
जमा डिपॉझिट २४,०००.
वजा: वीज, रिडिंग ८,५४८ पर्यंत, १,४९६. पाणी १८०. बेडरूमच्या खिडकीची एक काच, पावतीप्रमाणे, ७००. बेडरूमची एक भिंत ६००.
एकूण वजा २,९७६. परत २१,०२४ रुपये, आज बँकेतून दिले, व्यवहार क्रमांक… यापुढे दोघांचंही एकमेकांकडे काही घेणं नाही.’

खाली दोघांच्या सह्या. मालक बाहेरगावी असेल तर हाच मजकूर मेसेजवर पाठवून ‘मान्य’ असं उत्तर घ्या.

पैसे आणि किल्ल्या एकाच बैठकीत एकमेकांच्या हातात जाव्यात. बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, रोखीत नको. यूपीआयची दिवसाची मर्यादा आड येत असेल तर मालकानं आदल्या दिवशी आपल्या नेटबँकिंगमध्ये किरायेदाराचं खातं जोडून एक रुपया पाठवून बघावा. मालक म्हणतो नवा किरायेदार आला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो. हे मान्य करू नका. डिपॉझिट ही मालकाकडे सांभाळायला ठेवलेली दुसऱ्याची रक्कम आहे, घर रिकामं राहण्याची जोखीम किरायेदाराची नव्हे.

तीन-चार मुलं मिळून रूम करून राहत असतील तर आणखी एक काळजी घ्या. डिपॉझिट एकाच्या वडिलांनी भरलेलं असतं, मधेच एक मुलगा सोडून जातो, नवा येतो आणि आपसात पैसे फिरतात. शेवटी मालकासमोर तिघं उभे असतात. मालकानं पैसे करारावर सह्या असलेल्या सगळ्यांच्या लेखी संमतीनं एका खात्यात द्यावेत. मुलांनी दर बदलाच्या वेळी मालकाला एक मेसेज टाकावा: कोण गेला, कोण आला, कोणाचे किती.

घर मधेच विकलं गेलं असेल तर जुना मालक, नवा मालक आणि किरायेदार, तिघांच्या सहीचं एक पत्र त्याच वेळी करून घ्या की डिपॉझिट नव्या मालकाकडे वळतं झालं. नंतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मालक पैसे देत नसेल तर

घर अडवून बसू नका. करार संपल्यावरही ताबा न सोडणाऱ्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागू शकते, आणि ती दोन महिन्यांच्या डिपॉझिटला एका महिन्यात गिळून टाकते. घराचा व्हिडिओ काढा, रिडिंगचा फोटो घ्या, किल्ल्या साक्षीदारासमोर द्या आणि ताबा दिल्याचा मेसेज त्याच मिनिटाला पाठवा.

मग स्पीड पोस्टानं मागणीपत्र पाठवा. त्यात रक्कम, ताबा दिल्याची तारीख, पैसे देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत, आणि हे वाक्य हवंच: ‘या मुदतीनंतर रक्कम मिळेपर्यंत मी व्याज मागत आहे.’ व्याज कायदा, १९७८ नुसार, व्याजाची मागणी लेखी केली असेल तर न्यायालयाला त्या पत्रात दिलेल्या तारखेपासून व्याज मंजूर करता येतं. हे वाक्य लोक विसरतात.

पोलीस ठाण्यात जाऊन सहसा उपयोग होत नाही, कारण हे दिवाणी देणं आहे. धमकी, सामान अडकवणं, किंवा राहत असताना वीज-पाणी तोडणं हा भाग वेगळा. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार मनाई आहे. पैशासाठी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून बघा. नागपुरात त्याचं काम सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातून चालतं. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बांधील असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथे मालक आलाच नाही तर दिवाणी दावा. चोवीस हजारांसाठी दावा लावणं जिवावर येतं, हे खरं, पण बहुतेक मालक मागणीपत्र किंवा विधी सेवेची नोटीस आल्यावरच हिशेबाला बसतात.

उलट किरायेदारच घर सोडत नसेल तर मालकानं कुलूप बदलू नये, सामान बाहेर काढू नये. नोंदणीकृत करार हातात असेल तर भाडे नियंत्रण कायद्याखाली अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे कलम २४ खाली अर्ज करा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत किरायेदाराला बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, आणि लेखी करारात जे लिहिलं आहे ते तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं. नोंदणीचे हजार-दीड हजार रुपये इथे वसूल होतात.

ताबा झाल्यावर दोन कामं राहतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली असेल तर मालकानं तो सोडून गेल्याचंही लेखी कळवावं. आणि हिशेबाचा कागद, रिडिंगचे फोटो, व्यवहाराची नोंद दोघांनीही निदान तीन वर्षं जपून ठेवावी, कारण पैशाच्या वसुलीचा दावा लावण्याची मुदत तेवढीच आहे. फोन बदलताना हे फोटो नेमके हरवतात, म्हणून ते स्वतःलाच ईमेल करून ठेवा.